मदत हवी आहे: चमकीची बाटली, चमकी एकतर वरच तरंगते नाहीतर धपकन तळाला

भडंगवाली
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीतला प्रश्न आहे, हसू नका. पोरांचा किल्ला झाला, मावळे लावून झाले, अळीव पण उगवले, आणि आता सुट्टीचे उरलेले दिवस माझ्या डोक्यावर. मुलगी पहिलीत आहे, तिच्या वर्गात बाईंच्या टेबलावर एक चमकीची बाटली असते म्हणे, कुणी रडायला लागलं की बाई ती हलवून हातात देतात आणि चमकी खाली बसेपर्यंत पोर गप्प. तर तसली बाटली घरी पाहिजे म्हणून हट्ट चाललाय.

मारुती रोडवरून चमकीच्या पुड्या आणल्या, थोडी आकाशकंदिलाची उरलेली होतीच. पाण्याच्या बाटलीत साधं पाणी आणि चमकी घातली तर होतंय काय की निम्मी चमकी वरच चिकटून बसते, कितीही हलवा, आणि बाकीची दहा म्हणायच्या आत तळाला. नेटवर सगळे ग्लू घाला म्हणतात, घरात सुतारकामाचा पांढरा होता तो घातला तर पाणी ताकासारखं झालं आणि आत चमकी आहे का नाही तेच कळेना. आता नक्की कुठला गोंद, किती, आणि ग्लिसरीन लागतं का? आणि भावाचं दीड वर्षाचं पिल्लू पण सुट्टीला आलंय, ते दिसेल ते तोंडात घालतं, त्यामुळे झाकण कसं पक्कं करायचं तेही सांगा. विश्रामबागेत राहते, इथल्या दुकानात मिळेल असंच सांगा प्लीज, ऑनलाइन मागवलं तर सुट्टी संपेल.

मिरजकर_मास्तर
ताई, तुमचे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, ते एकत्र करू नका. वर तरंगणारी चमकी हलकी आहे म्हणून नाही तरंगत. प्लास्टिकची चमकी पाण्यापेक्षा जडच असते, पण एकेक कण इतका बारीक आणि चपटा की पाण्याचा पृष्ठताण त्याला वरच धरून ठेवतो. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, एकच, लगेच खाली यायला लागेल. जास्त टाकलं तर हलवल्यावर नुसता फेस होईल.

दुसरं, धपकन बसते कारण पाणी पातळ. इथे ग्लिसरीन कामाला येतं पण लोक अर्धं पाणी अर्धं ग्लिसरीन करतात आणि मग म्हणतात फरक पडत नाही. निव्वळ ग्लिसरीन २० अंशाला पाण्याच्या साधारण १४०० पट घट्ट असतं, पण वजनाने निम्मं पाणी मिसळलं की तोच घट्टपणा पाण्याच्या जेमतेम ६ पट उरतो. ८० टक्के ग्लिसरीन ठेवलं तर साधारण ६० पट. म्हणजे पाण्याचा हात आखडता घ्या. शिवाय चमकीचा कण दुप्पट मोठा झाला की तो चौपट वेगाने बसतो, म्हणून कंदिलावरची जाड चमकी नको, नेलपॉलिशमध्ये असते तसली एकदम बारीक भुकटी घ्या. नाहीतर दोन्ही मिसळा, जाड आधी बसेल आणि बारीक मागनं रेंगाळत येईल, पोरांना तेच बघायला आवडतं.

हळदपेठ
मास्तरांनी तास घेतला पण खर्च नाही सांगितला 😄 मोठी बाटली सगळी ग्लिसरीनने भरायची म्हणजे मेडिकलवाला खूश. आवो ताई, त्यापेक्षा पारदर्शक गोंद घ्या, पोरं स्लाईम करायला घेतात बगा तोच, हरभट रोडला स्टेशनरीत सहज मिळतो. पांढरा अजिबात नको, तो दुधाळच राहणार. आमच्या घरात अंदाज असा की बाटलीच्या पाव भाग गोंद आणि बाकी गरम पाणी, गरमच पाहिजे कारण गार पाण्यात गोंदाचे दोरे दोरे होतात आणि चमकी त्यातच अडकून गोळा होते. पण ते बाटलीत नका करू, पातेल्यात मिसळा, कोमट होऊ द्या आणि मग ओता. उकळतं पाणी डायरेक्ट घातलं की प्लास्टिकची बाटली आक्रसून वाकडी होते.

आणि एक, कोमट असताना हलवून बघितलं तर चमकी पटापट बसते, म्हणून लगेच अजून गोंद ओतू नका. पूर्ण गार होऊ द्या, मग बघा. जास्त घट्ट झालं तर चमकी मधेच लटकून राहते, तेव्हा चमचाभर गरम पाणी.

आमराई_फॅन
बाटली कुठली घेताय ते महत्त्वाचं आहे. पाण्याच्या पातळ चुरचुरणाऱ्या बाटलीला लहान मुलांनी दाबलं की झाकणातून पिचकारी. ज्यूसच्या जाड, गुळगुळीत बाटल्या येतात त्या घ्या, त्यात दिसतंही छान. लेबलाचा चिकटा खोबरेल तेल चोळून निघतो. हो, तेलावरून आठवलं, कुणी पाणी आणि तेल अशी दोन थरांची बाटली सुचवली तर खोबरेल घालू नका, २४ अंशाच्या खाली ते थिजतं आणि आपल्याकडे दिवाळीनंतर पहाटे तेवढी थंडी असतेच. बेबी ऑइल चालतं.

रंग खायचाच घ्या, थेंबभर. गडद केलं की चमकी दिसत नाही. स्वस्त चमकीचा रंग सुटतो बरं का, आधी वाटीत पाणी घेऊन चिमूटभर टाकून ठेवा, पाणी गुलाबी झालं तर ती पुडी बाजूला.

कृष्णाकाठची
दीड वर्षाचं बाळ आहे ना, मग माझं ऐका. झाकणाच्या आट्यांना आतून फेविक्विक लावून फिरवा, ते वाळल्यावर बाहेरून एम-सीलचा वेढा द्या, दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावू नका. मग बाटली उलटी करून कागदावर ठेवा, कागद ओला झाला तर पुन्हा. हे काम मोठ्यांनीच करायचं. एवढं करूनही बाळ एकटं असताना बाटली वर ठेवायची. आणि ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी असतात ना, काही जण आत टाकतात, ते या घरात आणूच नका. एखादा गिळला तर पोटात फुगून आतडं अडतं.

काच तर नाहीच नाही.

पर्यावरण_बिर्यावरण
मूड घालवत नाही पण फसलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, ती सगळी चमकी गटारातून शेवटी कृष्णेतच. जुन्या सुती फडक्यातून गाळा, फडकं वाळवून कचऱ्यात टाका. युरोपात ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी आहे, आपल्याकडे पुडीपुडीने मिळते. एकदा पक्की बंद केलेली बाटली वर्षानुवर्षं चालते, त्यामानाने हा उपयोग मला परवडला, रांगोळीवर मूठमूठ उधळतात ते नाही परवडत. फुटक्या माळांचे मणी, जुन्या साडीच्या टिकल्या घातल्या तरी मस्त दिसतं, जड असतात म्हणून मात्र ग्लिसरीनचा हात सढळ ठेवा.

भडंगवाली
सगळ्यांना खूप धन्यवाद, मास्तर तुमचं दुप्पट-चौपट घरात ह्यांना ऐकवलं तर ते स्वतःच बाटली घेऊन बसले. लिक्विडच्या थेंबाचं तर पोरांना जादूच वाटली, वरची चमकी भसाभस खाली. पारदर्शक गोंद मिळाला, त्यात अर्धी छोटी बाटली ग्लिसरीन पण घातलं, गार झाल्यावर आता चमकी निवांत येते, मुलगी मोठ्याने आकडे म्हणत बसते आणि मधेच चुकते म्हणून परत हलवते. ताकाचं पाणी फडक्यातून गाळलं, पर्यावरण दादा तुमचा शब्द पाळला.

एकच राहिलं, आत बारीक बुडबुडे अडकलेत आणि पाणी धुरकट दिसतंय, ते जातील का तसंच राहणार? एम-सील अजून लावलेलं नाही. आणि नळाचं पाणी वापरलंय, पुढे वास येईल का?

हळदपेठ
बुडबुडे रात्रभर झाकण नुसतं टेकवून ठेवलं की वर येतात, काय काळजी करू नका. नंतर वर बोटभर जागा सोडूनच बंद करा, काठोकाठ भरलं तर हलवल्यावर चमकी फिरतच नाही. वासाचं म्हणाल तर पुढच्या वेळी उकळून गार केलेलं नाहीतर फिल्टरचं पाणी घ्या. आत्ताच्याला वास आला किंवा बुरशीचे धागे दिसले तर उघडत बसू नका, तशीच टाकून द्या आणि नवीन करा, सामान उरलंच असेल की.