मदत हवी आहे: भावाला पॅन्क्रियाटायटिस, आम्ही पण जीन टेस्ट करावी का?

मंडळी नमस्कार, आम्ही कोल्हापूरचे. धाकट्या भावाला क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस (म्हणजे स्वादुपिंडाची जुनाट सूज) निघालाय, दारूला कधी हात लावला नाही तरी पाव्हणे तोच संशय घेतात, लई वाईट वाटतं. जीन टेस्टमध्ये स्पिंक१ (SPINK1) नावाच्या जीनमध्ये एन३४एस (N34S) हा बदल आलाय, डॉक्टर म्हणाले हा जीन स्वादुपिंडातल्या ट्रिप्सिनला (प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमला) आवर घालणारं प्रोटीन बनवतो, भारतात अशा पेशंटमध्ये हा बदल बऱ्याचदा सापडतो पण निरोगी माणसांतही असतो, म्हणजे धोका वाढतो, आजार होतोच असं नाही. मग मला काही त्रास नसताना टेस्ट करावी का, आणि बहिणीच्या लहान पोराची? कोल्हापूर-सांगलीत नाहीतर पुण्यात चांगले जेनेटिक काउन्सेलर कुणाला माहीत असतील तर प्लीज सांगा.