आज्ञा कोणाची, निष्ठा कोणाशी : रोल-प्लेइंग खेळांतले अनुभव

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून, आपापले पात्र घेऊन फाशांनी खेळायच्या खेळाच्या १९८१ सालच्या बेसिक नियमपुस्तकात पगारी सोबत्याची निष्ठा चक्क आकड्यांत मोजलेली आहे. आपल्या पात्राचा करिष्मा (इतरांवर छाप पाडण्याची ताकद) १८ असेल तर सात सोबती ठेवता येतात आणि त्यांचे मनोधैर्य १० धरले जाते; करिष्मा ३ असेल तर सोबती एकच, आणि त्याचेही मनोधैर्य ४. दोन फाशांची बेरीज त्याहून जास्त आली की गडी पळालाच. टेबलाभोवती बसलेल्या मित्रांनी मात्र एकमेकांचे का ऐकावे, याचा तक्ता त्या पुस्तकात नाही. आपापले अनुभव सविस्तर लिहावेत. सुरुवात मीच करतो.

त्याच पुस्तकात 'कॉलर' नावाची एक भूमिका आहे. सगळ्यांनी ठरवलेले डीएमला (खेळ चालवणाऱ्या 'डन्जन मास्टर'ला) सांगणे एवढेच त्याचे काम, पण आमच्यातला सर्वांत मोठा मित्र कॉलर झाला आणि दोन-तीन शनिवारांत तो न विचारताच निर्णय सांगू लागला. एकदा चोराचे पात्र खेळणारा कुलपात सापळा आहे का हे पाहण्यासाठी फासे हातात घेत होता, तोवर कॉलर म्हणाला, "आम्ही दार उघडतो." चोराने फासे खाली ठेवले आणि शांतपणे सांगितले, "आम्ही नाही, तू." डीएमने ते ग्राह्य धरले. कुलपात विषारी सुई होती. पुढच्या बैठकीपासून कॉलर प्रत्येकाकडे पाहून मगच बोलू लागला.

*ठाणे* – मी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात प्रीस्ट, म्हणजे इतरांना बरे करणारे पात्र होते. युरोपातल्या सर्व्हरवर संध्याकाळी आठची रेड (अनेकांनी मिळून करायची मोठी मोहीम) म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेबारा, त्यामुळे घरातले झोपलेले असताना हेडफोन लावून, जवळजवळ कुजबुजत मी खेळत असे. मोल्टन कोअर नावाच्या रेडमध्ये ४० जण लागत, म्हणजे पाच-पाच जणांचे आठ गट, आणि कोणत्या टँकला (शत्रूचे घाव स्वतःवर घेणाऱ्या खेळाडूला) कोणी बरे करायचे हे हीलर्सचा प्रमुख आधीच वाटून देई. तिथला एक बलाढ्य शत्रू, बॅरन गेडन, कोणावर तरी 'लिव्हिंग बॉम्ब' टाकतो. ज्याच्यावर पडेल त्याने क्षणाचाही विलंब न करता सगळ्यांपासून दूर पळायचे असते. एकदा तो माझ्यावर पडला आणि माझा टँक मरायला टेकलेला होता. मी थांबले, एक हील पुरा केला, आणि स्फोटात माझ्याभोवतीचे सहा-सात जण गेले. रेड लीडर ओरडला नाही. "तुझा टँक सांभाळायला तिथे आणखी दोघे होते," एवढेच तो म्हणाला, आणि त्या दोघांवर आपला विश्वास नव्हता हे मला तेव्हा कळले.

*नाशिक* – 'बाल्डर्स गेट' या संगणकावरच्या खेळात (१९९८) मी पथकातल्या खलिदला दुबळा समजून काढून टाकले, तर त्याची बायको जाहेराही तडक त्याच्याबरोबर निघून गेली. पथकाचा नायक मी असलो, तरी तिची निष्ठा नवऱ्याशी होती. मला हे पूर्णपणे पटले.

*पुणे* – वरच्या ठाणेकर ताईंना जसा रेड लीडर लाभला, तसा मी नव्हतो. आमच्या गिल्डमध्ये (नेहमी एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात) हजेरीनुसार गुण मिळत आणि त्या गुणांवर रेडमध्ये मिळालेली लूट वाटली जाई. एका रात्री मी ते गुण बाजूला ठेवून एक दुर्मीळ तलवार माझ्या जिवलग मित्राला दिली, कारण तो चांगला खेळतो अशी माझी मीच समजूत घातली होती. कोणी भांडले नाही. पुढच्या आठवड्याच्या रेडला ४० पैकी २६ जण आले, आणि त्या २६ जणांत तो मित्रही नव्हता.