फ्लूचा ताप उतरला, पण मुलगा टाचा टेकवत नाही

जागरणवाली: मुलगा साडेसात वर्षांचा. सोमवारी १०३ ताप, कोरडा खोकला, अंगदुखी. तपासणीत इन्फ्लुएन्झा बी निघाला. काल ताप उतरला, संध्याकाळी बहिणीशी भांडलाही, म्हणजे बराच झाला म्हणायचा. आज सकाळी हाक मारली तर पलंगाच्या कडेला बसून रडतोय. उभं केलं तर चवड्यांवर चार पावलं टाकली आणि भिंत धरून खाली बसला. दोन्ही पोटऱ्या दुखतात, हात लावू देत नाही. सूज नाही, लाली नाही. सासूबाई म्हणतात अशक्तपणा आहे. मी रात्री गिया बारेबद्दल (नसांचा आजार, ज्यात पाय लुळे पडतात) वाचून बसलेय. थांबू की नेऊ?

पोटदुखे काका: तेल चोळा, अर्धी ॲस्पिरिन द्या. आमच्या लहानपणी हेच करायचे.

रात्रपाळी: काका, ॲस्पिरिन अजिबात नाही! फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ती दिली तर रे सिंड्रोम होऊ शकतो, यकृत आणि मेंदू दोन्हींवर घाला. अमेरिकेत १९८० साली असे ५५५ रुग्ण नोंदले गेले होते. पालकांना ॲस्पिरिनबद्दल सावध केल्यावर आकडा घसरला, १९८७ नंतर वर्षाला ३६ च्या वर गेला नाही.

ताई, मी बालरुग्ण विभागात नर्स आहे. आजच दाखवा, पण धावाधाव नको. फ्लूच्या मोसमात चवड्यांवर चालत येणारं एखादं मूल आम्हाला दिसतंच. ताप उतरता उतरता पोटऱ्यांच्या स्नायूंना आतून सूज येते, बाहेरून दिसत नाही. शाळकरी मुलग्यांत जास्त, आणि बी प्रकारात विशेष. बहुतेकांचं आठवड्याच्या आत आपोआप ओसरतं. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून बघतील. गिया बारेमध्ये ताकद जाते आणि हातोडीला पाय सहसा उडत नाही. सीके नावाची रक्ततपासणी सांगतील, स्नायूंना इजा झाली की तो आकडा वाढतो. तुम्ही घरी एकच बघा: लघवीचा रंग. गडद तपकिरी दिसली तर थेट इमर्जन्सी, कारण स्नायूंचा चुरा मूत्रपिंडात अडकतो. मूल नीट जागं होत नसेल, बरळत असेल, आकडी आली तरीही तेच.

दोन मुलींचा बाप: पाय बरे होतील, पण पुढचे चार दिवस थर्मामीटर कपाटात ठेवू नका. माझी थोरली बारा वर्षांची. पाचव्या दिवशी ताप गेला, दीड दिवस ठणठणीत. मग हुडहुडी भरून १०४. फोनवर विचारलं तर उत्तर आलं, 'व्हायरल आहे, दोन दिवस बघा.' मी बघत बसलो. दुसऱ्या रात्री ती वाक्य पुरं करेना. टी-शर्ट वर करून मोबाइलचं घड्याळ लावलं, मिनिटाला ४४ श्वास. फासळ्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. एक्स-रेत उजवी बाजू पांढरी. फ्लूने श्वासनलिकेचं अस्तर खरवडलं होतं, त्यावर स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू बसला. फुफ्फुसाबाहेर पू झाला, नळी घालावी लागली, अकरा दिवस इस्पितळात. डॉक्टर म्हणाले, उतरलेला ताप परत चढला की तो जुना फ्लू धरायचा नाही.

रात्रपाळी: +१. आम्ही पालकांना हेच विचारतो: मधे बरं वाटलं होतं का?

जागरणवाली: आत्ताच परत आलो. हातोडीला दोन्ही पाय उडाले, त्याला ते इतकं आवडलं की परत करा म्हणाला. सीके ३८००, लघवी स्वच्छ. पाणी भरपूर, पॅरासिटामॉल, विश्रांती, मंगळवारी पुन्हा रक्त. बाबा, तुमचं वाचून झोपलेल्याचे श्वास मोजले, २०. तीनदा मोजले.

जागरणवाली (मंगळवार): सीके ६१०. ताप नाही. सकाळी डावी टाच टेकली, दुपारी उजवी.