गाडी चालवताना सोबत कोण होते?

प्रवाशाच्या बोलण्याने, घाईने किंवा नुसत्या असण्याने चालकाचे वागणे बदलते का, आणि अपघात झालाच तर प्रवासी कसा बसला होता यावर दुखापत किती अवलंबून राहते, याविषयीचे स्वतःचे अनुभव कृपया येथे लिहावेत.

खानापूर
जांबोटीमार्गे चोर्ला घाटातून गोव्याला जाताना गाडीत चौघे मित्र होते. ‘ओढ की लेका’ एवढे ऐकले आणि मी वळणावर ट्रकला ओलांडले. त्याच आठवड्यात आई शेजारी असताना, ती चकार शब्द बोलली नसूनही, प्रत्येक वळणावर माझा पाय आपोआप ब्रेककडे जात होता. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १६-१७ वर्षांच्या चालकासोबत २१ वर्षांखालील तीन किंवा अधिक प्रवासी असल्यास त्याच्या मृत्यूचा धोका एकट्याने गाडी चालवण्याच्या तुलनेत सुमारे चौपट आढळला होता. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, पण अक्कल सोळाचीच असावी.

निपाणी
तवंदी घाट उतरताना पुढचा ट्रक अचानक थांबला. मी पट्टा लावला होता. मागे बसलेल्या मामांनी ‘मागं कोण बघतंय’ म्हणून लावला नव्हता. गाडी धडकून थांबली, मामा मात्र गाडीच्या आधीच्याच वेगाने पुढे आले आणि त्यांचे गुडघे माझ्या सीटच्या पाठीवर आदळले. माझ्या दोन बरगड्या मोडल्या, त्या स्टेअरिंगने नव्हे, मामांच्या भाराने. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागच्या सीटवर बसून त्यांनी पट्टा लावला नव्हता हे सर्वांनी वाचले होते, मामांनीसुद्धा. मागच्या प्रवाशालाही पट्टा सक्तीचा आहे, हे मी त्यांना दवाखान्यात सांगितले. ती वेळ नव्हती, हे खरे.

बेळगाव
मी वडाप, म्हणजे वाटेत प्रवासी भरून नेणारी खासगी गाडी, चालवतो. माणसे जास्त भरली की ब्रेक दाबल्यावर गाडी लवकर थांबत नाही, हे मला कळते. पण प्रत्येक जण ‘जरा दाब, उशीर होतोय’ म्हणतो आणि जागा नाही म्हटले तर रागावतो. सौंदत्तीला जाताना एकदाच एक आजी मागून म्हणाल्या, ‘सावकाश चल बाळा, यल्लम्मा कुठं पळून जात न्हाई.’ सगळी गाडी हसली आणि पुढे कोणी घाई केली नाही.

चिकोडी
मी मोटारसायकलवर मागे बसते. वळणावर घाबरून मी उलट बाजूला कलले की यजमानांचा तोल जातो, हे समजायला मला दोन वर्षे लागली. हेल्मेट तोवर घरात एकच होते, तेही त्यांच्या डोक्यावर.