सव्वा महिना व्हायच्या आत बाळाला डोळ्यांच्या तपासणीसाठी बाहेर न्यावे का?

प्रश्न
आमची मुलगी 31व्या आठवड्यात जन्मली. तिचे वजन 1,400 ग्रॅम होते आणि नऊ दिवस तिला ऑक्सिजन लावावा लागला. काल घरी सोडताना दिलेल्या कार्डावर 'आरओपी तपासणी, चौथा आठवडा' एवढेच लिहिले आहे; आरओपी म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार, एवढे कळले. आज ती 25 दिवसांची आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की सव्वा महिन्यापर्यंत एवढ्याशा जिवाला उंबऱ्याबाहेर काढू नये, आणि ती दिव्याकडे टक लावून पाहते, म्हणजे डोळे चांगलेच असणार. पंधरा दिवस थांबले तर चालेल का? ऑक्सिजनमुळे डोळे बिघडतात हे खरे आहे का?

उत्तर 1 (नेत्रतज्ज्ञ)
कृपया थांबू नका. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या गर्भाच्या चौथ्या महिन्यापासून मधून कडेकडे पसरत जातात आणि दिवस पूर्ण भरेपर्यंत कडेला पोहोचतात. बाळ आधीच जन्मले की ही वाढ अर्धवट राहते. पुढे तिथे वेड्यावाकड्या वाहिन्या फुटल्या, तर त्या पडद्याला ओढून जागचा सोडवू शकतात. सुरुवातीला बाहेरून यातले काहीही दिसत नाही, त्यामुळे दिव्याकडे पाहणाऱ्या बाळालाही हा आजार असू शकतो.

ऑक्सिजनचा संबंध खरा आहे, म्हणूनच रक्तातील त्याचे प्रमाण साधारण 90 ते 95 टक्क्यांच्या दरम्यान राखतात. पण मूळ कारण अपुरे दिवस हेच, तेव्हा तो लावू दिल्याचा अपराधीपणा बाळगू नका. आपल्याकडे 2,000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची पहिली तपासणी 30 दिवसांच्या आत व्हावी लागते. 28 आठवड्यांआधीच्या किंवा 1,200 ग्रॅमहून लहान बाळांची तर दोन-तीन आठवड्यांतच. लेसरची गरज निघाली, तर तो दोन-तीन दिवसांत करावा लागतो. मग पंधरा दिवस कुठून आणायचे?

उत्तर 2 (एक आई)
माझ्या मुलाच्या कार्डावर या तपासणीचा उल्लेखच नव्हता. एका परिचारिकेने निघताना सांगितले म्हणून आम्हाला कळले. पहिल्या तपासणीत डॉक्टर 'वाहिन्या अजून कडेपर्यंत गेलेल्या नाहीत, पुढच्या आठवड्यात या' एवढेच म्हणाले, आणि दुसऱ्या खेपेस दोन्ही डोळ्यांना लेसर करावा लागला. आज तो सहा वर्षांचा आहे, चष्मा लावून वाचतो. पहिली तपासणी चांगली निघाली तरी पुढची तारीख चुकवू नका.

तपासणी पाहताना जीव कळवळतो, हे आधीच सांगते. बाहुली मोठी करणारे थेंब पुन्हापुन्हा घालतात, पापण्या चिमट्याने उघड्या धरतात, बाळ लालबुंद होऊन रडते. मी त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळले होते आणि परिचारिकेने माझेच दूध दोन थेंब त्याच्या जिभेवर सोडले, तेव्हा तो थोडा शांत झाला. दूध मात्र तासभर आधीच पाजून घ्या, नाहीतर उलटी होते.

प्रश्नकर्ती
आपल्या दोघांचे मनापासून आभार. उत्तरे सासूबाईंना वाचून दाखवली. परवा सकाळी 10ची वेळ मिळाली आहे आणि दुपटे घेऊन त्या स्वतः सोबत येणार आहेत.