गाभोळी 'भरते' की 'पिकते'?

विचारणा (म्हापसा): वाचनालयातल्या विज्ञानवर्गासाठी माशांच्या प्रजननावर टिपण लिहिते आहे. मादीच्या शरीरात संप्रेरके बदलत जातात, त्या टप्प्यांना शब्द हवेत. 'परिपक्वता' हा एकच शब्द दोन जागी आला आणि मुले गोंधळली. शिवाय गाभोळी असलेल्या मासळीला 'गाभण' म्हणावे का?

उत्तर (मडगाव): ताई, मुलांचे बरोबर आहे, कारण त्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आपल्याकडे त्यांना साधी क्रियापदे आहेत, तीच वापरा: भरणे आणि पिकणे.

भरताना पीयूषिका ग्रंथीच्या (मेंदूच्या तळाशी असते ती) इशाऱ्यावर अंडाशय इस्ट्रॅडायोल हे संप्रेरक तयार करते. ते रक्तातून यकृताकडे जाते आणि यकृत व्हायटेलोजेनिन हे प्रथिन बनवू लागते. हे प्रथिन पुन्हा रक्तातून अंड्यांत उतरते आणि त्याचे पीतक, म्हणजे अंड्यातला बलक, होते. गाभोळी अंडाशयात दिसते खरी, पण तिचा माल येतो यकृतातून! हे मुलांना जरूर सांगा.

पिकण्याच्या वेळी चित्र पालटते. इस्ट्रॅडायोल ओसरते, पीयूषिकेतून एलएच (ल्युटिनायझिंग हॉर्मोन) हे संप्रेरक भरभरून सुटते आणि अंडाशय प्रोजेस्टेरॉनच्या कुळातले संप्रेरक बनवू लागते. अंड्याचे केंद्रक कडेला सरकते, त्याचे आवरण विरते. समुद्रात तरंगणारी अंडी देणाऱ्या माशांत याच वेळी अंडे पाणी शोषून फुगते. मासळी साफ करताना नीट पाहा: भरलेल्या गाभोळीचे दाणे अपारदर्शक आणि घट्ट चिकटलेले असतात, पिकलेले दाणे काचेसारखे दिसतात आणि बोटाने जरा दाबले की सुटे होतात.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. 1957 साली कटकला कार्प जातीच्या (रोहूसारख्या) माशांना पीयूषिकेचा अर्क टोचून अंडी सोडायला लावले गेले. पण ही टोचणी लागू पडते ती गाभोळी भरलेल्या मादीलाच. टोचून पिकवता येते, एका टोचणीत भरवता येत नाही.

'गाभण' मात्र बांगड्याला नको. गाभोळी, गाभण, गाभा ही सगळी गर्भाचीच पिल्ले, म्हणून मोह होतो. पण बांगड्याची अंडी पाण्यात पडल्यावर फळतात, पोटात गर्भ नसतोच. मोरीच्या (शार्कच्या) बऱ्याच जाती पोटात पिल्ले वाढवतात, तिथे 'गाभण' चपखल बसेल.

विचारणा (म्हापसा): दादा, यकृताचे मला ठाऊकच नव्हते. मग अंडमोचन म्हणजेच अंडी सोडणे ना?

उत्तर (मडगाव): नाही. अंडमोचनात अंडे आपल्याभोवतीच्या पेशींच्या आवरणातून सुटते, पण ते अजून मादीच्या पोटातच असते. पाण्यात येते ते 'अंडी सोडणे'. टिपणात दोन्ही वेगळे ठेवा.

उत्तर (काणकोण): अंडी सोडून झालेल्या मादीच्या सैल, लालसर पिशवीला आमच्या घरी 'रिकामी गाभोळी' म्हणतात. शास्त्रीय टिपणातही तोच शब्द चालावा असे मला वाटते. जूनजुलैच्या मासेमारीबंदीनंतर तुम्हा दोघांच्या बाजारात काय म्हणतात, ते कळवाल का?