खुनाचा दर, हत्यादर की मनुष्यवधाचं प्रमाण?

अनुवादिका: इंग्लंड-वेल्सवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. चौदाव्या शतकात तिथे दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण २० जण मारले जात, विसाव्या शतकात हे प्रमाण १ च्या आसपास आलं, असा इतिहासकारांचा अंदाज. मी ‘खुनाचा दर’ लिहिलं, संपादकांनी ‘हत्यादर’ केलं. मला ते पटलं नाही, पण माझंही चुकलंय. तिथल्या आजच्या आकड्यात खून न ठरणारा मनुष्यवध आणि आईच्या हातून झालेली अर्भकहत्याही धरतात. काय लिहू?

जुना वकील: मनुष्यवध. २०२४पर्यंत लागू असलेल्या दंडसंहितेत कलम २९९ सदोष मनुष्यवधाचं होतं, ३०० खुनाचं. खून म्हटला की मनुष्यवध आलाच, पण प्रत्येक मनुष्यवध खून ठरत नाही.

ओवी: कायद्यात ठीक आहे, कानाला नाही. कंसवध, कीचकवध, अफझलखानाचा वध! मारणारा न्यायाच्या बाजूचा, हे ‘वध’ आधीच सांगून टाकतो. दारूच्या भरात सख्ख्या भावाच्या डोक्यात दगड घातला, त्याला वध म्हणायचं?

जुना वकील: मग हत्या तरी कुठे तटस्थ आहे? ब्रह्महत्या, गोहत्या. पाप चिकटलेलंच आहे.

पिंपळपान: आमचे आजोबा सांगायचे, मारेकरी मागे खूण ठेवतो म्हणून ‘खून’.

ओवी: नाही हो. फारसीत खून म्हणजे रक्त. हिंदीत तो अर्थ राहिला, मराठीत जीव घेणं तेवढं उरलं. खूण निराळी.

स्वभाषा: फारसी आहे ना, मग मनुष्यवधच हवा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला का?

ओवी: मग गुन्हा, फिर्याद, कायदा हेही सोडा. ठाण्यात जाऊन काय बोलाल?

अनुवादिका: आणखी एक अडचण. आलेखात २००२-०३ला एकदम सुळका दिसतो. डॉक्टर हॅरॉल्ड शिपमननं मारलेले १७०हून अधिक रुग्ण त्या एका वर्षात मोजलेत. प्रत्यक्षात ते त्याआधीच्या कितीतरी वर्षांत गेले. पण तिथे पोलिसांनी नोंद केली ते वर्ष धरतात. म्हणजे ‘त्या वर्षी झालेले’ लिहिलं तर सरळ खोटं होईल. ‘नोंदलेले’ हवंच.

जुना वकील: अगदी बरोबर. एका शब्दानं काय होतं ते मी पाहिलंय. साक्षीदार म्हणाला, “त्यानं मारलं.” जबाबाच्या इंग्रजी भाषांतरात ‘ठार केलं’ असं उतरलं. उलटतपासणीत त्याला विचारलं, कसं मारलं? त्यानं हात उगारून दाखवला. दोन थपडा! मरण पुढे दुसऱ्याच्या काठीनं आलं होतं. तो हात अजून डोळ्यांसमोर आहे.

पिंपळपान: म्हणून आमच्याकडे ‘जिवे मारलं’ म्हणतात.

स्वभाषा: ‘जिवे’ की ‘जीवे’? तत्सम शब्द, दीर्घच हवा.

ओवी: सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. जीव, पण जिवाचा, जिवाला.

स्वभाषा: तत्समांना तो नियम नाही.

ओवी: मग ‘जिवाला जीव देणे’ कसं लिहाल?

अनुवादिका: उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. तूर्त ‘नोंदलेल्या मनुष्यवधांचं प्रमाण’ ठेवते, पण ओवीताईंचा ‘वध’ आता कानातून जात नाहीये.